पहिल्या पानावरचा चौकडा

वेबसाइटची पहिली पानं बनवणं हा माझा धंदा आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "आणि बाकीची पानं कोण बनवतं?" पूर्वी मी या प्रश्नावर हसायचो. आता गंभीर चेहऱ्याने सांगतो, की बाकीची पानं कोणी वाचत नाही, म्हणून ती कोणीही बनवतं.

आमच्या भाषेत त्याला लँडिंग पेज म्हणतात. मोबाईलवर एखादी जाहिरात दिसते, तिच्यावर आपलं बोट पडतं, बहुतेक वेळा चुकून, आणि आपण जिथे जाऊन आदळतो ते हे पान. तिथे आलेला माणूस स्कूटर बंद न करता, एक पाय खाली टेकवून उभा असतो असं समजायचं. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे, की दुकान कशाचं, आपल्या कामाचं आहे का, आणि असेल तर कुठे दाबायचं. नाही कळलं तर तो पायाने ढकलत पुढे जातो. त्याला तेवढा वेळ थांबवून धरणं, एवढंच माझं काम.

या कामाचं शिक्षण मी कुठेही घेतलेलं नाही. लग्नपत्रिका छापण्यापासून सुरुवात केली, मग फ्लेक्स आले तेव्हा फ्लेक्स बनवले, आणि फ्लेक्सवरची माणसं मोबाईलमध्ये राहायला गेली तेव्हा त्यांच्या मागोमाग मीही गेलो. चुका मात्र प्रत्येक टप्प्यावर नव्या केल्या, जुन्या कधी पुन्हा वापरल्या नाहीत. एका पतसंस्थेच्या पानावर चाचणीसाठी माझाच फोन नंबर टाकला होता, तो काढायचा राहून गेला. ठेवीवर व्याज किती मिळेल म्हणून मला फोन यायला लागले. पहिल्या एक-दोघांना मी चुकीचा नंबर म्हणून सांगितलं. नंतर कंटाळून दर सांगायला लागलो. चेअरमनसाहेबांना कळलं, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती, की मी जरा जास्त सांगत होतो.

पण ज्या चुकीबद्दल मला आजही सोलापूरच्या पूर्व भागात चहा पाजताना लोक हसतात, ती वेगळीच. ती महेशच्या पानाची.

महेशची सात रस्ता चौकात, औषधाच्या दुकानाच्या वर, सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. पोरगा पुण्यात नोकरी करून परत आलेला, हुशार, मला काका म्हणणारा. गणवेश शिवणाऱ्या कारखानदारांसाठी त्याने सॉफ्टवेअर बनवलंय. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर आठवते. पण शाळेच्या गणवेशाचा धंदाही इथे मोठा आहे. आणि तो दिसतो तितका सोपा नाही. एकाच शाळेत बालवाडीतल्या मुठीएवढ्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या दहावीवाल्यापर्यंत सगळ्या मापांचे नग. कुठल्या मापाचे किती सदरे कापले, किती शिवायला दिले, काज-बटणाला किती गेले, हे सगळं जूनच्या आत जुळवायचं. ते महेशचं सॉफ्टवेअर जुळवतं.

त्याचं जुनं पान मात्र बघण्यासारखं होतं. वर गणपती, खाली सरकणारी अक्षरं, मग महेशचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. सॉफ्टवेअर कशाचं आहे हे कळायला अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागायचं. मी सगळं काढलं. गणपती ठेवला, कारण तो काढायची हिंमत महेशच्या आईसमोर माझ्यात नव्हती, फक्त लहान करून कोपऱ्यात बसवला. वर एकच मोठा फोटो, फोटोवर एकच ओळ आणि खाली एकच बटण, ठसठशीत नारंगी. नारंगी हा कंपनीचा रंग होता, आणि तो मीच निवडलेला होता.

ओळ कुठली लिहायची, यावर बरंच डोकं लढवलं. कारखानदारांशी बोललो तेव्हा कळलं, की त्यांना हिशेब चुकण्याची जेवढी भीती नाही, तेवढी शेजाऱ्याला कळण्याची आहे. कुठल्या शाळेचं काम कोणाकडे आहे, ही या धंद्यातली सगळ्यात मोठी झाकलेली गोष्ट. शेजारच्या शेडवाल्याला कळलं, की तो दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या दारात कमी भाव घेऊन उभा. म्हणून मी ओळ लिहिली: 'तुमची ऑर्डर, फक्त तुमच्या नजरेत.' महेशने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "काका, ह्याच्यावर विकलं जाणार." मलाही तसंच वाटलं.

फोटोसाठी आधी मी इंटरनेटवरून एक घेतला होता. सोनेरी केसांची बाई, कानाला हेडफोन, लॅपटॉपकडे बघून हसतेय. महेशचे पहिले ग्राहक नरसय्याअण्णा. पूर्व भागातल्या जुन्या विणकर घराण्यातले, आता गणवेशाचे कारखानदार, घरात तेलुगू आणि धंद्यात मराठी बोलणारे. त्यांना ते पान दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कुणाच्या कारखान्यात कामाला हाय? माझ्याकडं तर कंप्युटरपुढं बसून कोण हसत न्हाय."

झालं. महेशने ठरवलं, फोटो खऱ्या कारखान्याचा पाहिजे, आणि तो अण्णांच्याच. अण्णा आधी नको म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

मी कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी सगळी खबरदारी घेतलेली होती. शाळेचं नाव छापलेले खोके भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. फळ्यावरचं पुसलं होतं. कंप्युटरच्या पडद्यावर टॉवेल टाकला होता. मी मनात म्हटलं, माझी ओळ किती बरोबर आहे बघा. मशीनवर बसलेल्या बायका कुंभारीहून येणाऱ्या. फोटोत यायचंय म्हटल्यावर त्यांनी आधी लाजून घेतलं आणि मग चांगल्या जागेसाठी एकमेकींना कोपरं मारली. मागे कापायच्या टेबलावर कापडाचा ढीग होता. करड्या रंगावर हिरव्या आणि तांबड्या रेघांचा चौकडा. मला तो फार आवडला. अण्णांना म्हटलं, जरा डावीकडे सरका, त्याच्या शेजारी उभे राहा, फोटोला उठाव येईल. अण्णा सरकले, आणि ढिगावर हात ठेवून उभे राहिले, जसा लग्नाच्या फोटोत लोक नवरदेवाच्या खांद्यावर ठेवतात.

आता गणवेशाचा चौकडा म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्यासाठी ते नक्षीचं कापड. या धंद्यात चौकडा म्हणजे शाळेचा चेहरा. रेघ किती जाड, दोन रेघांत अंतर किती, एवढ्यावरून कुठलाही कापडवाला शाळेचं नाव सांगेल. खोके भिंतीकडे वळवले काय आणि न वळवले काय. मला माहीत नव्हतं हे समजण्यासारखं आहे. अण्णांना माहीत होतं. पण ते कापड त्यांच्या डोळ्यांपुढे इतके दिवस पडलेलं होतं, की त्यांना ते दिसेनासं झालं होतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसं.

त्यात भर म्हणजे, तो चौकडा साधा नव्हता. बार्शीच्या एका मोठ्या शाळेने त्या वर्षी गणवेश बदलायचा ठरवला होता. जुना गणवेश गावातली सगळी दुकानं कसल्याही कापडाचा विकत होती, पहिल्या धुण्यात त्याचा रंग शेजारच्या कपड्यांना जायचा. म्हणून नवा चौकडा पालकांनाही उन्हाळ्याच्या सुट्टीतच दाखवायचा होता. काम अण्णांना मिळालं होतं, आणि त्या एका कामावर त्यांचा अख्खा हंगाम उभा होता.

फोटो मी घरी आणला, त्यावर थोडा हात फिरवला, पान सजवलं आणि महेशची जाहिरात सोडली. ही सोडायची कला मला चांगली येते. जिल्ह्यात ज्यांचा ज्यांचा कापडाशी, शाळेशी, गणवेशाशी संबंध, त्यांच्याच मोबाईलवर ती दिसेल अशी मी व्यवस्था केली. चुकूनही एखाद्या भलत्या माणसाला दिसू नये याची काळजी घेतली. चौकशीचे फोन वाढले. महेशने मला हुरडा खायला नेलं. मी पानाकडे बघून मनात स्वतःची पाठ थोपटली.

मे महिन्यात अण्णांचा फोन आला. मी पानाबद्दल कौतुक ऐकायच्या तयारीने उचलला. अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "दिलीपराव, तुमच्या पानानं माझी शाळा गेली." मग त्यांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं, त्याचा अर्थ मी विचारला नाही.

झालं होतं असं. बार्शीतल्या एका कापड दुकानदाराने आमची जाहिरात बघितली, फोटो बोटांनी मोठा केला, चौकडा बघितला आणि कुठून तरी हुबेहूब कापड विणून आणलं. गणवेश शिवून दुकानाच्या काचेत बाहुल्याच्या अंगावर चढवला. मुख्याध्यापिका बाजारात गेल्या असताना त्यांना आपल्या शाळेचा, अजून कोणी न पाहिलेला गणवेश काचेतून आपल्याकडे बघताना दिसला. दुकानदाराने काही लपवलं नाही. इंटरनेटवर आहे की मॅडम, म्हणाला, आणि मोबाईलवर काढूनही दाखवलं. वर माझी ओळ होती: तुमची ऑर्डर, फक्त तुमच्या नजरेत.

आम्ही तिघं बार्शीला निघालो. महेश गाडी चालवत होता, अण्णा शेजारी मांडीवर नमुन्याच्या कापडाची पिशवी घेऊन, मी मागे. वैराग गावापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. शेवटी मला राहवेना. म्हटलं, अण्णा, काळजी करू नका, फोटो मी सकाळीच काढून टाकला.

"काचेतला बाहुला काढला का?" अण्णांनी विचारलं.

मुख्याध्यापिका मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या टेबलावर दुकानातून आणलेला फ्रॉक घडी घालून ठेवला होता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि सरळ विषयावर आल्या. संस्थेची बैठक झाली होती. गणवेश बाजारात आधीच मिळतोय म्हटल्यावर पालकांनी कारखान्याकडूनच का घ्यावा, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून यंदाचं काम थांबवायचं, शिवलं असेल ते परत न्यायचं.

अण्णांनी कबूल केलं, की फोटो त्यांच्याच कारखान्यातला. मग म्हणाले, निम्मं शिवून झालंय मॅडम, उरलेलं कापून पडलंय. दुसऱ्या शाळेला हा चौकडा चालत न्हाय. कुंभारीच्या बायकांना मी दिवाळीपर्यंत काम सांगून ठेवलंय.

मॅडमनी घडी उलगडून फ्रॉक पुढे केला. "तुमच्यात आणि ह्यात फरक काय, ते मला सांगा. मी पालकांना तेच सांगेन."

अण्णांनी पिशवीतून आपला नमुना काढला. दोन्ही कापडं चिमटीत धरली, चोळली. आमचं कापड जाड आहे, आमचा रंग जात नाही, असं सांगायला लागले. मॅडम म्हणाल्या, रंग जातो की नाही हे पालकांना धुतल्यावर कळणार, विकत घेताना नाही. ते खरं होतं. महेश खाली बघत होता.

मी खिडकीजवळ बसलो होतो आणि त्या फ्रॉककडे बघत होतो. मला त्यातलं काहीतरी ओळखीचं वाटत होतं. कापडातलं मला काही कळत नाही, पण ती रेघ मी रोज बघितलेली होती. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि लगेच आपण बोलावं की बोलू नये असा प्रश्न पडला. कारण बोललो तर सुटका होण्याची शक्यता होती, पण माझी अब्रू जाण्याची खात्री होती.

"मॅडम," मी म्हटलं, "ही रेघ आमच्या बटणाच्या रंगाची आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दोन्ही कापडं खिडकीत उजेडाला धरली. अण्णांच्या कापडातली रेघ तांबडी होती. दुकानातल्या फ्रॉकची नारंगी. मग मला सांगावं लागलं, की फोटोवर मी हात फिरवला होता. पानावर बटण नारंगी आणि फोटोत तांबड्या रेघा, डोळ्याला खुपत होतं. म्हणून फोटोतलं जेवढं तांबडं होतं, तेवढं सगळं मी एका फटक्यात नारंगी केलं. पान एकजीव दिसावं म्हणून. दुकानदाराने शाळेचा चौकडा उचलला नव्हता, माझा उचलला होता.

अण्णांनी माझा मोबाईल मागितला, त्यात राहिलेला तो फोटो मोठा केला आणि बघत राहिले. "मला न विचारता?" ते म्हणाले. मग आणखी मोठा केला. "माझ्या कपाळाचा टिळा बघा मॅडम. तो पण केशरी केलाय ह्यांनी."

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यांनी दोन्ही कापडं घेतली, स्वतः खिडकीशी गेल्या, परत आल्या. तांबडी रेघ शाळेची, नारंगी शाळेची नाही, एवढं पालकांना समजेल, असं त्या म्हणाल्या. काम अण्णांकडेच राहील. मात्र पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत नारंगी रेघ दिसता कामा नये. दिसली तर तुमचा हा फरक कुणालाच कळत नाही असं मी समजेन, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईन.

बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "तुमी चांगलं काम केलं असतं, तर मी मेलो असतो." हे माझ्या धंद्याला मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक प्रशस्तिपत्र आहे. महेशच्या पानावर 'ग्राहक काय म्हणतात' असा एक रकाना आहे. तिथे ते टाकावं असं मला फार वाटलं होतं.

पानावर नंतर मी नवा फोटो लावला. त्यात नुसते पांढरे सदरे आहेत. पांढरा सदरा कुठल्याच शाळेचा नसतो आणि सगळ्यांचाच असतो. या फोटोवर मी हात फिरवलेला नाही. बटण मात्र अजून नारंगी आहे, आणि आता ते थोडं खुपतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी अण्णा मला बरोबर घेऊन गेले. महेशला नव्या गणवेशातल्या मुलांचे फोटो पाहिजे होते, शाळेने या खेपेला परवानगी दिली होती. दाराशी उभं राहून बघत होतो. करडा, हिरवा, तांबडा, नुसता महापूर. अण्णा कोणाची कॉलर, कोणाची बाही बघत मनातल्या मनात बायकांना शिव्या आणि शाबासक्या देत होते.

मग त्यांनी माझा दंड धरला. फाटकाच्या आत, भिंतीला लागून, चार-पाच पोरं वेगळी उभी केलेली होती. माझ्या रंगातली.

शिपाई त्यांना घरी पाठवायच्या तयारीत होता. मॅडमनी तसं सांगितलं होतं. एका पोरीचा बाप तिथेच उभा होता. गावाकडून एसटीने आलेला, एका हातात पोरीचं दप्तर. पोरगी सात-आठ वर्षांची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. तिला का थांबवलंय हे तिला कळलेलं नव्हतं. ती रांगेतल्या मुलींकडे बघून बापाला सांगत होती, "आपलंच भारी हाय की. त्यांचं काळपट हाय."

बाप शिपायाला समजावत होता, की शाळेचा कागद आलता, त्यात तांबडी रेघ लिवलीवती, ही काय तांबडीच हाय की. आणि दुकानदारानं पण मोबाईलात ठिवलेला फोटो दावला, कारखान्याचा, ह्योच नवा म्हणून.

बोलता बोलता त्याची नजर अण्णांवर पडली. तो थांबला. जवळ आला आणि निरखून बघायला लागला.

"तुमीच न्हवं का ते?" तो म्हणाला. "फोटोत कापडावर हात ठिवून हुबं हाय ते? म्हणून तर घेतलं ओ. म्हणलं मालकच हुबं हायत तर खोटं कसं आसंल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ओळखीचं माणूस भेटल्यासारखा तो बघत होता, की आता हे शिपायाला सांगतील आणि पोरगी आत जाईल.

मला काहीतरी बोलायचं होतं. फोटो माझा, रंग माझा, जाहिरात माझी. पण हे त्या बापाला समजावायला मला लँडिंग पेजपासून सुरुवात करावी लागली असती. अण्णांनी खिशातून टेप काढली. ती त्यांच्या खिशात नेहमी असते, हे मला त्या दिवशी कळलं. खाली उकिडवे बसले, पोरीला म्हणाले, "हात वर कर बाळ," आणि छातीचं माप घेतलं. मग खांदा, मग उंची. दुसऱ्या पोराला खूण केली, तेही येऊन हात वर करून उभं राहिलं. मग बाकीची आपोआप एकामागे एक लागली. शिपाई मॅडमना विचारायला आत गेला.

"आठ दिवसांत शाळेत येईल," अण्णा बापाला म्हणाले. "तोवर घरचंच काहीतरी घाल. हे काढून ठेव."

पोरगी फ्रॉककडे बघत म्हणाली, "हे पण घालीन मी. घरी."

अण्णा मान हलवून हसले. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या नकळत मी मोबाईल वर धरला होता. पोरं हात वर करून रांगेत, मध्ये टेप घेतलेले अण्णा. कुठल्याही पहिल्या पानावर शोभला असता असा फोटो.

"दिलीपराव," अण्णा म्हणाले, "ह्यो नको."